आधी मोजा, मग विका



सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं, म्हणजे डीआरआयनं, मुंबईत शिवडीच्या एका गोदामावर आणि गुजरातेत वेरावळला छापे घातले. शिवडीत सुमारे तीन टन आणि वेरावळला सुमारे पाच टन, मिळून आठ टन मुशीचे सुके पर हाती लागले. माल चीन आणि हाँगकाँगकडे निघायचा होता. कागदोपत्री मुशीचा उल्लेखच नव्हता. पाकटाची सुकी कातडी, माशाचं बोत, सुकी सागरी उत्पादनं, अशा नावांखाली हा धंदा चालला होता.

या बातमीनंतर किनारपट्टीवर एक प्रश्न हमखास कानावर यायचा, अजूनही येतो. आमच्याकडे मालवणात मोरीचं मटण होतं, बाळंतिणीला दूध यावं म्हणून छोट्या मुशीचं कालवण देतात, ससून डॉकवर पहाटे मुशीचे ढीग लागतात. मग आम्ही सगळे गुन्हेगार की काय? उत्तर असं की बहुतेक वेळा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या दोन अनुसूचींत ज्यांची नावं आहेत त्या मुशी, पाकटं आणि करवत मासे सोडले, तर इतर मुशी पकडणं, विकणं, खाणं यावर बंदी नाही. शिवडीत जे घडलं त्यातला गुन्हा मुशी मारण्याचा नव्हता. मुशीचे पर देशाबाहेर पाठवण्याला फेब्रुवारी २०१५ पासून मनाई आहे, त्या मनाईला बगल देण्याचा होता. मासा मेला तेव्हा कोणी विचारलं नाही, मेलेल्या माशाचा एक तुकडा सीमेवर आला तेव्हा सगळी यंत्रणा जागी झाली. हे विचित्र वाटतं खरं. पण सीमेवर विचारलेला प्रश्न हाच या माशांना वाचवण्याचा एक चांगला मार्ग आहे असं माझं मत आहे, अट एवढीच की प्रश्न नीट विचारला पाहिजे. आज मी त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

आधी परांचं अर्थशास्त्र थोडक्यात. मुशीच्या परात मांस जवळजवळ नसतं. शिजवून, सोलून, कूर्चा काढून टाकली की शेवयांसारखे पारदर्शक तंतू उरतात. त्यांना चव नाही. सूपला चव येते ती कोंबडीच्या आणि हॅमच्या रश्शाची. तंतू फक्त दाताखाली येतात आणि यजमानाची ऐपत सांगतात. या सूपसाठी जगभरातून पर गोळा होतात आणि त्यांचा मोठा हिस्सा हाँगकाँगच्या सुक्या मासळीच्या बाजारातून फिरतो. शेली क्लार्क या संशोधिकेनं तिथल्या लिलावांच्या नोंदींवरून २००६ साली हिशेब मांडला, की वर्षाला २ कोटी ६० लाख ते ७ कोटी ३० लाख मुशींचे पर या व्यापारात येतात. आकड्याची ही रुंदी पाहा. खालच्या आणि वरच्या टोकात जवळजवळ तिप्पट फरक. क्लार्कबाईंचा अभ्यास कच्चा होता म्हणून हा फरक पडलेला नाही. जगात कुणीच मुशी जातवार मोजत नव्हतं, म्हणून पडला.

मात्र सगळं खापर सूपवर फोडणं आता बरोबर नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफनं २०२१ मध्ये व्यापाराची आकडेवारी तपासली. २०१२ ते २०१९ या काळात मुशी आणि पाकटांच्या मांसाचा जागतिक व्यापार २६० कोटी डॉलरचा होता, परांचा १५० कोटींचा. मांस कुठे जातं? स्पेन, पोर्तुगाल, इटली, ब्राझील, उरुग्वे. चिनी मेजवान्यांवर बोट दाखवणाऱ्या युरोपच्या ताटात मुशी वेगळ्या नावानं येतेच. चीन सरकारनं तर आपल्या शासकीय मेजवान्यांतून हे सूप काढूनही टाकलं आहे.

आता हा मासा इतर माशांसारखा का मोजता येत नाही ते बघू. बांगडा वर्षाच्या आतबाहेर अंडी घालण्याच्या वयाला येतो आणि एका मादीची अंडी लाखाच्या घरात असतात. एखादा हंगाम वाईट गेला तरी पाऊसपाणी ठीक असेल तर बांगडा परत येतो. माको मुशीची मादी वयात यायला अठरा-वीस वर्षं घेते, दीड वर्षाच्या आसपास गाभण राहते, आणि तीन वर्षांतून एकदा वीण देते. मांटा पाकटाला एका वेळी बहुधा एकच पिल्लू. मत्स्यव्यवसायाची बरीचशी गणितं बांगडा, कॉड, हेरिंग अशा माशांवर बसवलेली आहेत आणि मुशीचं जमाखर्चाचं पान हरणा-हत्तीच्या पानाला जास्त जवळ आहे. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातल्या मुशी आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मुशी, पाकटं आणि त्यांच्या भाऊबंदांच्या सुमारे १,२०० जातींपैकी एक तृतीयांश जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचं दिसलं.

अशा प्राण्यासाठी कोणता कायदा? वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा एक करार आहे, साइट्स. ३ मार्च १९७३ ला वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या झाल्या, १ जुलै १९७५ पासून तो अमलात आला आणि १९७६ साली भारत त्यात सामील झाला. आज १८० हून अधिक देश त्यात आहेत. करार जन्माला आला तो हस्तिदंत, बिबट्याची कातडी, मगरीच्या पर्सा यांच्यासाठी. समुद्रात विकाऊ मासळी म्हणून पकडला जाणारा मासा या करारात बसतो का, यावर पुढची बरीच वर्षं फारसं कुणी बोललं नाही. १९९४ साली अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलच्या परिषदेत मुशींच्या व्यापाराबद्दल पहिला ठराव झाला, तोही माहिती गोळा करा एवढ्यापुरता.

कराराची रचना सोपी आहे. पहिल्या परिशिष्टात नाव आलं की व्यापारासाठी आयात-निर्यात बंद. दुसऱ्यात आलं तर व्यापार चालू, पण परवान्यानं. तिसऱ्यात एखादा देश आपल्यापुरतं नाव घालून इतरांची मदत मागू शकतो. पहिल्या दोन परिशिष्टांत नाव घालायचं तर मतदान करणाऱ्या देशांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. ज्या देशाला निर्णय मान्य नसेल तो नव्वद दिवसांत आपला अपवाद नोंदवू शकतो. जपाननं मुशींच्या बाबतीत हे एकदा नव्हे, अनेकदा केलं आहे.

आमच्या पिढीनं जकात नाके पाहिले आहेत. गावात काय शिजतं याच्याशी नाक्यावरच्या कारकुनाला कर्तव्य नसे, वेशीवरून काय आत-बाहेर होतंय तेवढं तो बघायचा. साइट्स हा तसा नाका आहे. रत्नागिरीत पकडलेली मुशी चिपळुणात विकली तर साइट्सचा काही संबंध नाही. तीच सीमा ओलांडू लागली की संबंध आला. यात एक बारकावा मात्र आहे. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या खुल्या समुद्रात एखाद्या बोटीनं मुशी पकडली आणि आपल्याच देशाच्या बंदरात उतरवली, तर साइट्स त्यालाही सीमा ओलांडणंच मानतं. टुना पकडणाऱ्या बड्या बोटींसाठी हे कलम फार अडचणीचं आहे. आज पुढे त्याचं काम पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

पण या सगळ्यात माझ्या मते मोलाची गोष्ट परिशिष्टांची यादी नव्हे. दुसऱ्या परिशिष्टातल्या प्राण्याचा निर्यात परवाना देण्याआधी त्या देशाच्या शास्त्रीय प्राधिकरणाला लिहून द्यावं लागतं, की एवढा माल बाहेर गेल्यानं या जातीचं अस्तित्व धोक्यात येणार नाही. सोयीसाठी आपण त्याला ‘ना-हानी दाखला’ म्हणू. ना-हरकत दाखला मिळवण्यात आपण मराठी माणसं वाकबगार आहोत, त्यामुळे असा दाखला शिक्का मारून कसा मिळतो हेही आपल्याला ठाऊक आहे. पण प्रामाणिकपणे लिहायचा म्हटला तर या एका कागदासाठी देशाला काय काय करावं लागतं? किती मुशी आहेत, किती पकडल्या जातात, कोणत्या वयाच्या, कोणत्या जाळ्यात, शेजारचा देश त्याच साठ्यातून किती काढतो, हे सगळं माहीत हवं. बंदीच्या हुकमाला यातलं काहीच लागत नाही, त्याला एक सही पुरते.

यातला बंदीचा रस्ता आपल्या देशानं तुडवून पाहिलाय. नव्वदच्या दशकात गुजरातच्या किनाऱ्यावर वेरावळ, मांगरोळ, सुत्रापाडा भागात व्हेल शार्कची शिकार जोरात होती. जगातला हा सगळ्यात मोठा मासा. त्याला गळ अडकवून दोराला रिकामी पिंपं बांधायची, पिंपं ओढत ओढत तो थकला की किनाऱ्याला आणायचा. तिथले मच्छीमार त्याला ‘बॅरल’च म्हणत. यकृताचं तेल लाकडी होड्यांच्या तळाला चोपडलं जायचं, मांस परदेशी जायचं. हंगामात शेकड्यांनी मासे कापले जात. माइक पांडे यांनी यावर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट काढला आणि मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. मासा म्हणून वाघाच्या रांगेत बसणारा हा पहिलाच.

लगेच, जुलै २००१ मध्ये, केंद्रानं सगळ्याच मुशी, पाकटं आणि करवत मासे पहिल्या अनुसूचीत टाकले. सरसकट. किनारपट्टीवर गदारोळ झाला. तो व्हायचाच होता, कारण डोल, ट्रॉल, गिलनेट, कुठलंही जाळं टाका, त्यात मुशी येतेच. रोज पहाटे बंदरावर येणाऱ्या प्रत्येक बोटीत गुन्हा असायचा. डिसेंबर २००१ मध्ये यादी दहा जातींवर आणली गेली. पाच महिन्यांत सरसकट संरक्षण आलं आणि गेलं. मागे कोणती जात किती उरली आहे याची एक ओळही राहिली नाही. अशी बंदी आणि तिचं मागे घेणं, दोन्ही माहितीशिवाय झालं.

व्हेल शार्कचं मात्र वेगळं झालं, कारण तिथे कायद्याच्या मागे माणसं उभी राहिली. २००२ च्या चिलीतल्या सँटियागो परिषदेत भारत आणि फिलिपिन्सनं व्हेल शार्कला दुसऱ्या परिशिष्टात घालण्याचा प्रस्ताव मांडला. दोनच वर्षांपूर्वी नैरोबीजवळच्या गिगिरीत अमेरिकेचा तसाच प्रस्ताव पडला होता. या वेळी तो टिकला, बास्किंग शार्कही आत आला. साइट्सच्या पहिल्या दोन परिशिष्टांत जाणाऱ्या या पहिल्या मुशी. त्यानंतर २००४ पासून गुजरातेत रामकथाकार मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरी बाळंतपणाला येणारी लेक म्हटलं, वन्यजीव संस्था, वनखातं आणि एका उद्योगसमूहानं मोहीम चालवली, आणि जाळ्यात अडकलेला मासा जाळं कापून सोडला तर भरपाई मिळू लागली. शेकडो मासे असे सुटले. महाराष्ट्रात कांदळवन कक्षानं २०१८ च्या अखेरीस तशीच योजना सुरू केली. डॉल्फिन, कासव, व्हेल शार्क यांपैकी काही अडकलं आणि जाळं कापून सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. जाळ्याची किंमत धरून बसलेल्या तांडेलाशी बोलल्याशिवाय हे काम होत नाही हे तिथे कुणाला तरी नेमकं कळलं होतं.

आंतरराष्ट्रीय पातळीवर खरी लढाई झाली ती २०१० साली दोह्यात, आणि तिथे मुशी हरल्या. हातोड्यासारख्या डोक्याची मुशी, पांढऱ्या टोकाची महासागरी मुशी, पोर्बीगल, काटेरी डॉगफिश, चारही प्रस्ताव पडले. पोर्बीगलला समितीत होकार मिळाला होता, सर्वसाधारण सभेत तो उलटवला गेला. याच परिषदेत ब्लूफिन टुनाचा प्रस्ताव होता आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी जपानी दूतावासाच्या मेजवानीत ब्लूफिन टुनाच वाढला होता. राजनय कधी कधी इतका उघडा असतो.

जपान, चीन आणि त्यांच्या बाजूच्या देशांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, मासे हा मत्स्यव्यवसायाचा विषय आहे. त्यासाठी प्रत्येक महासागराच्या मत्स्य संघटना आहेत, तिथे आकडे आहेत, कोटे आहेत. हत्ती-गेंड्यांच्या कराराला समुद्रात काय कळतं? तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. व्यवहारात मत्स्य संघटनांनी मुशींसाठी काय केलं, हे एका उदाहरणावरून पाहण्यासारखं आहे. मी ते थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्यावर आहे.

दोह्यानंतर तीन वर्षांनी, २०१३ मध्ये बँकॉकला वारं फिरलं. महासागरी पांढऱ्या टोकाची मुशी ९२ विरुद्ध ४२ मतांनी दुसऱ्या परिशिष्टात गेली, हातोड्याच्या डोक्याच्या तीन जाती, पोर्बीगल आणि मांटाही गेल्या. २०१६ ला जोहान्सबर्गमध्ये रेशमी मुशी, थ्रेशर आणि डेव्हिल रे. २०१९ ला जिनिव्हात मेक्सिकोच्या पुढाकारानं माको. माझं उदाहरण आहे ते या माकोचं.

उत्तर अटलांटिकमधल्या माकोचा कारभार माद्रिदला मुख्यालय असलेल्या आयकॅट या टुना संघटनेकडे आहे. तिच्याच शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सांगितलं की हा साठा ओरबाडला जातोय. २०१९ मध्ये त्यांनी आणखी स्पष्ट केलं, की आजपासून एकही माको मारली नाही तरी २०४५ पर्यंत साठा सावरण्याची शक्यता जेमतेम निम्म्याहून किंचित जास्त, ५३ टक्के आहे. सल्ला एकच होता, माको बोटीवर ठेवू नका. संघटनेत मतभेद झाले, निर्णय पुढे ढकलला गेला, पुन्हा ढकलला गेला. आडवे येणाऱ्यांत युरोपीय संघ होता, कारण सर्वाधिक माको स्पेनच्या बोटी पकडत होत्या. गंमत अशी की साइट्समध्ये माकोला परिशिष्टात घालण्याच्या प्रस्तावावर सहप्रस्तावक म्हणून याच युरोपीय संघाची सही होती. एका दालनात संरक्षक, दुसऱ्या दालनात मच्छीमार, दोन्हीकडे तोच देशसमूह, अधिकारी वेगळे.

आता ते मघाचं कलम आठवा. खुल्या समुद्रात पकडलेली माको स्पेनमधल्या विगोच्या बंदरात उतरवायची तर ना-हानी दाखला हवा. तो द्यायचा युरोपच्या शास्त्रीय समितीनं. डिसेंबर २०२० मध्ये त्या समितीनं उत्तर दिलं, देता येत नाही. शास्त्रज्ञांसमोर आयकॅटचेच आकडे होते, दुसरं काही लिहिण्याची सोयच नव्हती. दाखला नाही म्हणून उतरवणं बंद, उतरवणं बंद म्हणून पकडण्यातला नफा बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयकॅटनं अखेर उत्तर अटलांटिकची माको बोटीवर ठेवण्यावर दोन वर्षांची बंदी घातली. चार वर्षं जे शास्त्रज्ञांच्या अहवालानं झालं नव्हतं ते परवान्याच्या एका फॉर्मनं घडवून आणलं. त्यासाठी मोर्चा किंवा माहितीपट लागला नाही.

दाखला नेहमी नकारच देतो असंही नाही. ऑस्ट्रेलियानं २०१४ मध्ये हातोडी मुशींच्या तीन जातींसाठी दाखले लिहिले आणि वर्षाची मर्यादा ठरवली, एका जातीला २०० टन, दुसरीला १०० टन, तिसरीला ७० टन. हे आकडे बरोबर होते की जास्त होते यावर तिथे वाद झाला, होऊ दे. आकडा जाहीर झाला की वाद घालता येतो. आपल्याकडे आकडाच नाही.

आपली बाजू पाहू. इंडोनेशिया, स्पेन आणि भारत ही नावं मुशी पकडणाऱ्या देशांच्या यादीत वर्षानुवर्षं वरच्या ओळीत आहेत. २०१३ मध्ये केंद्रानं धोरण आणलं, की मुशी उतरवताना तिचे पर अंगालाच असले पाहिजेत. पुढे २०१५ मध्ये परांची निर्यात पूर्ण बंद. पहिल्या नियमाला माझा पाठिंबा आहे, पर कापून धड समुद्रात फेकणं हे क्रौर्यही होतं आणि नासाडीही. पण भारतात धड सहसा फेकलं जातच नव्हतं हो! आमच्याकडे मांस खातात, सुकवतात, घाटावर पाठवतात. जी सवय इथल्या मच्छीमारांना नव्हती ती मोडण्याचा हा नियम होता. दुसऱ्या बंदीनं निर्यातदाराचा उघडा धंदा संपला, मासा मरायचा थांबला नाही. तो ट्रॉलच्या जाळ्यात कोळंबीबरोबर येतो, त्याला परांचा भाव माहीत नसतो. पर वाया जाऊ लागले, आणि त्यातले काही शिवडीसारख्या गोदामांत जमू लागले.

आणि याचा आणखी एक परिणाम, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. निर्यात पूर्ण बंद, म्हणून पर पाठवण्यासाठी दाखला लिहिण्याचा प्रश्नच उरला नाही. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था साइट्ससाठी शास्त्रीय प्राधिकरण आहे, तिनं काही जातींचे ना-हानी अभ्यास करून ठेवले आहेत, बंदरांवर तिचे नोंदणी करणारे कर्मचारी कित्येक दशकं मासे मोजत आले आहेत. पण ज्या कागदावर रोजच्या रोज कुणाचं तरी पोट अवलंबून असतं तोच कागद वेळेवर आणि चोख तयार होतो.

जगभरचा अनुभवही हेच सांगतो. बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की पर कापण्याविरुद्धचे कायदे गेल्या काही वर्षांत दसपट वाढले, आणि मासेमारीत मरणाऱ्या मुशींची संख्या २०१२ मधल्या किमान ७ कोटी ६० लाखांवरून २०१९ मध्ये ८ कोटींवर गेली. कायद्यांनी पर कापणं कमी केलं असेल, मरण कमी केलं नाही. उलट पर अंगाला ठेवायचे म्हटल्यावर आख्खी मुशी बंदरात येऊ लागली आणि तिच्या मांसाला नवी गिऱ्हाइकं मिळाली.

परवान्याच्या मार्गाचीही नाचक्की झालेली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मे २०२० मध्ये हाँगकाँगच्या कस्टम्सनं इक्वेडोरहून आलेल्या दोन कंटेनरांत २६ टन पर पकडल्याचं जाहीर केलं, अंदाजे ३८,५०० मुशींचे, बहुतेक थ्रेशर आणि रेशमी. दोन्ही जाती तोवर दुसऱ्या परिशिष्टात होत्या. महासागरी पांढऱ्या टोकाच्या मुशीचं तर आणखी वाईट. चार मोठ्या टुना संघटनांनी ती बोटीवर ठेवायला बंदी घातली, साइट्सनं परवाना लावला, तरी तिचे पर हाँगकाँगच्या बाजारात येत राहिले. हिंदी महासागराच्या टुना आयोगानं २०१३ मध्ये केलेल्या तिच्या बंदीला भारतानं हरकत नोंदवली आणि ती बंदी भारताला लागू राहिली नाही. घरी मुशीचे पर बंद करणारे आपण तिथे बाजूला उभे राहिलो.

नाक्यावरच्या माणसाची अडचणही समजून घेतली पाहिजे. कंटेनर उघडला की समोर सुकलेल्या करड्या त्रिकोणांचे थर. कस्टम्सच्या वर्गीकरणात ‘मुशीचे पर’ एवढंच लिहिलेलं असतं, जात नाही. डेब्रा ॲबरक्रॉम्बी, डेमियन चॅपमन यांच्यासारख्या संशोधकांनी यावर एक सुटसुटीत उपाय काढला. पाठीवरचा पहिला पर वेगळा काढायचा. त्याचं टोक गोलसर, मोठं आणि पांढऱ्या चट्ट्यांचं असेल तर ती महासागरी मुशी, दुसरी असूच शकत नाही. पर फार उंच, निमुळता आणि फिकट असेल तर हातोडी. एक मोजपट्टी आणि छापील मार्गदर्शिका, बस. शंका उरली तर डीएनए. अशा प्रशिक्षणातून गेलेला कस्टम्सचा माणूस एका दुपारी शेकड्यांनी पर चाळू शकतो. मला हे कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त आश्वासक वाटतं.

पण सगळ्या जाती अशा सरळ ओळखू येत नाहीत, आणि इथे विषय एकदम आपल्या बाजारात येऊन पोहोचतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेनं कार्कारिनिडे हे मुशींचं आख्खं कुटुंब दुसऱ्या परिशिष्टात घातलं, चोपन्न जाती. त्यांतल्या एकोणीस धोक्यात आहेत म्हणून, आणि उरलेल्या त्या एकोणिसांसारख्या दिसतात म्हणून. नियम २५ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला. आपल्या वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तिच्या चौथ्या अनुसूचीत साइट्सच्या याद्याच आहेत.

या चोपन्नांत एक आपली जुनी ओळखीची आहे. ज्यांनी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं त्यांनी मेणाच्या ट्रेमध्ये फॉर्मालिनच्या वासात तिच्या कवटीतले मज्जातंतू शोधले असतील, स्कोलिओडॉन. चपट्या फावड्यासारख्या नाकाची, हातभर लांबीची छोटी मुशी. वर्ष-दोन वर्षांत वयात येते, एका विणीत डझनभर पिल्लं देते. मुशींच्या खानदानात इतकी लवकर वाढणारी दुसरी शोधावी लागेल. ती दिसण्यापायी अडकली, स्वतःच्या हलाखीपायी नाही. कोळणीच्या टोपलीतला तिचा धंदा यानं थांबत नाही, कारण टोपली सीमा ओलांडत नाही. पण कागदावर ती आता रेशमी मुशीच्या रांगेत आहे.

दुसऱ्या टोकाला करवत मासा. २००७ साली हेगला जवळजवळ सगळे करवत मासे थेट पहिल्या परिशिष्टात गेले, उरलेली एक जात २०१३ मध्ये. निर्यात पूर्ण बंद. पण तोवर आपल्या किनाऱ्यावर करवत मासा जुन्या तांडेलांच्या आठवणींत आणि बंगल्यांच्या भिंतींवर टांगलेल्या करवतींत उरला होता. बंदीनं वाचवण्यासारखं फार काही राहिलं नव्हतं. २०२५ च्या अखेरीस समरकंदच्या परिषदेत व्हेल शार्क, महासागरी पांढऱ्या टोकाची मुशी, मांटा आणि डेव्हिल रे पहिल्या परिशिष्टात गेले. मी त्याला विरोध करणार नाही. दुसऱ्या परिशिष्टात असताना या माशांचे प्रामाणिक दाखले लिहिले गेले असते तर ही वेळ आली असती का, एवढंच विचारतो. व्हेल शार्कबद्दल २००२ साली आपणच प्रस्ताव मांडला होता, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती ऐकून निसर्गप्रेमी मित्र नाराज होतील हे मला ठाऊक आहे. परांवरची सरसकट निर्यातबंदी जातवार परवान्यात बदला. पहिला ना-हानी दाखला स्कोलिओडॉनचा लिहा. महाराष्ट्र-गुजरातच्या बंदरांवरचे तिचे आकडे इतर कुठल्याही मुशीपेक्षा जास्त आहेत, काम सुरू करायला तीच बरी. किती टन जाऊ शकते ते जाहीर करा, कसं काढलं तेही जाहीर करा, म्हणजे विद्यापीठांतल्या पोरांना त्यावर टीका करता येईल. दुसरा दाखला हातोडीचा लिहायला घ्या. त्याचं उत्तर नकारार्थी येईल असा माझा अंदाज आहे. तसं आलं तर निर्यात रोखून भागणार नाही, कारण हातोडीची पिल्लं उथळ पाण्यात, कोळंबीच्या जाळ्यात मरतात. कोणत्या महिन्यात, कोणत्या खाडीच्या तोंडाशी, किती बारीक आसाचं जाळं टाकायचं नाही, हे मच्छीमार संस्थांशी बसून ठरवावं लागेल. त्या बैठकीला सुक्या मासळीच्या व्यापाऱ्यांनाही बोलवा. कोणत्या साली कोणत्या बंदरातून किती पर, किती मोठे आणि काय भावानं आले, याचा हिशेब त्यांच्या वह्यांत आहे. आज धाडीच्या भीतीनं त्या वह्या कुणी बाहेर काढत नाही.